बारावं प्रकरण

३ फेब्रुवारी

भाऊजी,

तब्येत ठीक असेल असं धरून पुढचं लिहिते. मी बरी आहे. दोन माणसांचा चहा टाकायची सवय अजून मोडत नाही, एवढंच.

हे जाऊन चार महिने झाले. इतके दिवस ह्यांच्या टेबलाला मी हात लावला नव्हता. परवा प्रकाशकांनी विचारलं, "हातात एक कादंबरी होती ना?" म्हणून खण उघडला. अकरा प्रकरणं ओळीनं लावून, वर दगड ठेवून, व्यवस्थित. बारावं नाही.

ह्यांची पद्धत तुम्हाला मी काय सांगायची? शेवटचं प्रकरण सगळ्यात आधी, हातानं. ते पाकिटात घालून ठेवायचं आणि मग पहिल्या प्रकरणाला हात घालायचा. "कुठं जायचंय ते कळल्याशिवाय मी चपला घालत नाही," म्हणायचे. एकतीस वर्षं मी ह्यांचं लिखाण टाईप केलं, पण शेवट मला छापायच्या आदल्या आठवड्यात मिळायचा. त्याच्या आधी तो फक्त तुम्हाला. अकरा लिहून झाली की पाकीट डिंकानं चिकटवून तुमच्याकडे यायचं, तुम्ही "पोचलं" म्हणून कळवायचं, मग हे अकरा प्रकरणं पाठवायचे. ती वाचून गुन्हेगार कोण ते पाकिटावर पेन्सिलीनं लिहायचं आणि मगच फोडायचं. गेल्या वर्षी तुमचं दोघांचं बिनसलं, तेव्हापासून ते बंद पडलं असावं असं मी धरून चालते.

प्रकाशक एकतीस मार्चपर्यंत थांबतील. नंतर दुसऱ्या कुणाकडून शेवट लिहून घेणार आणि पुस्तक ह्यांच्या नावानं काढणार. करार तसा आहे म्हणे. परक्या माणसानं लिहिलेला शेवट ह्यांच्या नावावर खपवला जाणार, हे मला सहन होणार नाही. स्पष्टच सांगते.

अकरा प्रकरणांची कार्बन कॉपी सोबत आहे. चहाच्या कंपनीत चहा चाखून प्रत ठरवणारा माणूस आपल्या खोलीत मरून पडलेला सापडतो. विषानं. दाराला आतून कडी. पुरामुळे रस्ता बंद, इमारतीत पाचच माणसं. आणि चाखणारा तर चहा कधी गिळत नाही, तोंडात फिरवून थुंकतो. मग विष गेलं कसं? वाचा आणि सांगा. तुमच्याइतकी ह्यांची चाल दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही.

वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

उशीर झाला. ह्या आठवड्यात भाजीबाजाराची पाळी होती. साठ तराजू तपासले, नऊ खोटे निघाले. एका बाईनं पारड्याखाली चिंचोका चिकटवला होता. तो काढून दाखवला तर म्हणते, "अगबाई, हा कुठून आला." वजनमापं तपासायच्या नोकरीत माणूस रोज एक रहस्यकथा वाचतो, फक्त खून नसतो.

पाकिटाचं म्हणाल तर मला काही कल्पना नाही. पुस्तकांच्या कपाटामागे बघा. दादाला वस्तू नीट ठेवायची आणि मग नीट ठेवलेली जागा विसरायची सवय होती. कदाचित ह्या वेळी शेवट आधी लिहिलाही नसेल. वय होतं.

प्रकरणं वाचतोय. घाईनं वाचणार नाही. रहस्यकथा म्हणजे काय ह्याबद्दल दादाचं आणि माझं एका गोष्टीवर एकमत होतं, बाकी सगळ्यावर भांडण. एकमत असं की पहिल्या काही पानांत एक प्रश्न विचारायचा आणि शेवटच्या पानांत त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं. दुसऱ्याच प्रश्नाचं देऊन टाळ्या घ्यायच्या नाहीत. मधल्या पानांत कुणीतरी शोधणारा हवा, मग तो पोलीस असो, शेजारीण असो की दाताचा डॉक्टर. संशय घ्यावा अशी माणसं हवीत. आणि उत्तराला लागणारी प्रत्येक गोष्ट वाचकासमोर टेबलावर मांडलेली हवी. लपवायला बंदी नाही, लपवणं तर कामच आहे, पण डोळ्यांसमोर लपवायचं. भूत आणायचं नाही. "योगायोगानं तेवढ्यात" असं म्हणायचं नाही. शेवटच्या प्रकरणात अचानक जुळा भाऊ काढायचा नाही.

काट्याकडे गिऱ्हाईकाची नजर गेली पाहिजे, हा माझ्या खात्याचा पहिला नियम. दादा तो माझ्याकडूनच शिकला, असं मी म्हणायचो. तो म्हणायचा, मी लिहायला लागलो तेव्हा तू चड्डीची नाडी बांधायला शिकत होतास.

कपाटामागे नक्की बघा.

भाऊजी


१९ फेब्रुवारी

भाऊजी,

कपाट पुढे ओढलं. मागे एक पाल, दोन पेन्सिली आणि माझी हरवलेली कात्री सापडली. पाकीट नाही.

काल प्रकाशकांनी त्या लिहिणाऱ्या गृहस्थांना पाठवलं. "नुसती ओळख करून घ्या," म्हणाले. माणूस वाईट नाही. दमलेला वाटला. वर्षाला चौदा पुस्तकं लिहितो, त्यातली अकरा दुसऱ्यांच्या नावानं. बिस्किटं खाता खाता मला म्हणाला, "काकू, शेवट मी बोटीत घेतो. पुराचं पाणी आहेच. मालकाचा मेहुणा बोट घेऊन पळतो, मागून डॉक्टर, वरून वीज." मी म्हटलं, "पण मग कडी आतून लागली कशी?" तर म्हणाला, "पाठलाग चांगला जमला की कडीचं कुणी विचारत नाही."

मी त्याला सांगितलं की ही त्या जातीची कथा नाही. तो म्हणाला, मग कुठल्या जातीची? आणि मला सांगता येईना. चाळीस पुस्तकं माझ्या बोटांखालून गेली, पण बोटांखालूनच. टाईप करताना मी अक्षरं बघते, गोष्ट नाही. हे तर प्रत्येक प्रकाराला घरातलं नाव द्यायचे. कुलपाची, चिखलातली, असं काहीतरी तुम्ही दोघं जेवताना बोलायचात आणि माझी पोळी करपायची.

तेवढे प्रकार नीट लिहून पाठवा. प्रकार सिद्ध करता आला तर बोट बुडवता येईल, असं मला वाटतं. चाळीस दिवस राहिले.

वहिनी


२७ फेब्रुवारी

वहिनी,

तुमची करपलेली पोळी आठवली. दादा ती गुपचूप माझ्या ताटात सरकवायचा.

तर ऐका. कुलपाची म्हणजे बंद खोलीची. तिथं "कुणी" हा प्रश्न दुय्यम, "कसं" हा खरा. वाचक दाराशी बसून राहतो. दादाच्या मते ही सगळ्यात अवघड, कारण उत्तर कळल्यावर वाचक म्हणतो, "हात्तिच्या, एवढंच?" आणि तो तसं म्हणाला नाही तर समजावं की उत्तर नको इतकं लांबलचक झालंय.

मोजक्या माणसांची वेगळी. बर्फ पडतो, पूल तुटतो, बोट सुटते, आणि आत जी सहा-सात माणसं उरली त्यांच्यातलाच एक. बाहेरून कुणी आला असेल ही पळवाट बंद. इथं प्रश्न "कुणी". प्रत्येकाच्या पोटात काहीतरी असतं आणि बहुतेकांच्या पोटातलं फालतू निघतं.

स्वयंपाकघरातली तुम्हाला आवडायची. रक्त दिसत नाही, मढं पडद्याआड, आणि शोध लावते ती कुणीतरी विणकाम करणारी बाई, जिला गावातल्या प्रत्येकाची खोड ठाऊक असते. वाचून झोप चांगली लागते. खाकी म्हणजे पोलिसांची. तिथं हुशारीपेक्षा चिकाटी. शंभर दारं वाजवायची, नव्याण्णव वाया. साहेबाचा दबाव, बुटाला भोक, घरी बायको रुसलेली. मला ती सगळ्यात खरी वाटते, कारण माझं काम तसंच आहे. दादाला कंटाळा यायचा.

चिखलातली त्यानं एकदाच लिहिली. शोधणारा स्वतःच अर्धा बुडालेला, गुन्हेगार सापडतो पण कुणाचं भलं होत नाही, शहर होतं तसंच राहतं. ती लिहिताना तो महिनाभर कुणाशी धड बोलला नव्हता, आठवतं? पळापळीची म्हणजे तुमच्या त्या बोटवाल्याची. तिथं "काय झालं होतं" असं विचारतच नाहीत, "आता काय होणार" असं विचारतात. ती वाईट नसते. तिची भूक वेगळी असते, इतकंच. पण पहिली अकरा प्रकरणं एका भुकेची आणि बारावं दुसऱ्या भुकेचं, असं चालणार नाही. हे त्याला माझ्या नावानं सांगा.

आणि शेवटी उलटी. तिच्यात गुन्हेगार पहिल्याच पानावर वाचकाला ठाऊक असतो. त्यानं काय केलं, कसं केलं, सगळं. गंमत फक्त एवढ्यात की तो सापडतो कसा, कुठं घसरतो. दादानं ती कधीच लिहिली नाही. "माझ्याच्यानं होणार नाही," म्हणायचा, "मला गुन्हेगाराची दया येते."

आपली चहावाली ही कुलपाची आणि मोजक्या माणसांची मिळून आहे. दिसते कुलपाची. पण मला संशय येतोय की कुलूप नुसतं दाखवायला आहे. अजून दोन प्रकरणं राहिलीत.

गेल्या वर्षीच्या भांडणाचं तुम्ही लिहिलंत. त्याबद्दल काय सांगू. सोडून द्या.

भाऊजी


५ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र मी प्रकाशकांना वाचून दाखवलं. त्यांना पटलं. पण म्हणाले, "प्रकार कळला, प्रकरण कुठंय?" तेही खरंच.

सोडून द्या म्हणता. मी तिथंच होते, मला सोडता येत नाही. एकोणचाळिसाव्या पुस्तकाचा कार्यक्रम, समोर तीस माणसं, आणि तुम्ही उभे राहून म्हणालात, "लेखकानं ह्या वेळी माप मारलंय. मारेकरी डावखुरा आहे हे शेवटच्या प्रकरणात पहिल्यांदा कळतं." लोक हसले. हेही हसले. दुसऱ्या दिवशी मात्र तुम्हाला चिठ्ठी गेली, "तू तराजू तपास, पुस्तकं राहू दे." ती मी टाईप केली नाही म्हणून त्यांनी हातानं लिहिली. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. दोघंही एकाच कारखान्यातला माल. एकानं नाक वर केलं की दुसरा मान ताठ करणार.

तुम्ही खरं बोलला होतात. मी ते पुस्तक नंतर मुद्दाम वाचलं. डावखुरेपणाचा आधी एक शब्द नाही. पण खरं कुठं बोलायचं ह्यालाही माप असतं.

आणखी एक सांगते. सप्टेंबरभर हे दुपारी बारा वाजता जिन्यात जाऊन उभे राहायचे. पोस्टमन येण्याची वेळ. डॉक्टरांनी जिना चढू-उतरू नका म्हणून बजावलं होतं. मी ओरडायचे. "हवा खातोय," म्हणायचे. जिन्यात कसली हवा?

तुमचा तर्क कळवा. सव्वीस दिवस.

वहिनी


१२ मार्च

वहिनी,

तर्क असा. गुन्हेगार ती शेरे लिहून घेणारी बाई.

चाखणारा घोट घेतो, थुंकतो, म्हणतो "उग्र", "कोवळा", "जुनाट", आणि ही वहीत लिहिते. बावीस वर्षं. पण दुसऱ्या प्रकरणात तो एका शिळ्या चहाची तारीफ करतो आणि मालक गोंधळतो, हे बघितलंत? चौथ्यात त्याच्या खणात पेपरमिंटच्या गोळ्यांची डबी आहे. चहा चाखणारा माणूस पेपरमिंटला शिवणारही नाही, जीभ मरते. म्हणजे त्याची जीभ आधीच गेली होती. त्याला चव कळत नव्हती, कित्येक वर्षं. चहा ओळखत होती ती बाई, नुसत्या वासावरून, आणि त्याला हळूच सांगत होती. नाव त्याचं, पगार त्याचा. विष गोळीत. आणि कडी त्यानं स्वतःच लावली, कारण चाखणारा गोळी चघळताना कुणाला दिसून चालणार नाही. कुलपात काही जादू नाही. हात्तिच्या, एवढंच.

एकतीस वर्षं दुसऱ्याच्या नावाचं टाईप करणाऱ्या बाईला हा तर्क कळवताना मी दोनदा चहा प्यायलो. घरात विषाची बाटली असेल तर फेकून द्या.

हे सिद्ध मात्र करता येत नाही. बारावं असतं तर कळलं असतं. ह्याहून जास्त आज लिहवत नाही.

भाऊजी


२२ मार्च

भाऊजी,

तर्क वाचून मी बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसले. शेजारीण बघायला आली. विषाची बाटली नाही, ह्यांचं खोकल्याचं औषध आहे.

तर्क मला पटला. म्हणूनच जास्त वाईट वाटतंय, कारण बोटवाल्यांचं बारावं प्रकरण काल आलं. मेहुणा बोटीतून पळतो, डॉक्टर पोहत जाऊन त्याला धरतो, आणि शेरे लिहून घेणारी बाई काठावर उभी राहून रडते. सगळ्या प्रकरणात तिला एवढंच काम. कडीबद्दल एक वाक्य आहे, "कडीचं गूढ मात्र पुरासोबत वाहून गेलं." हे वाक्य ह्यांच्या नावाखाली छापलं जाणार आहे. नऊ दिवसांनी.

हे वाचून मला रडू आलं. सहा महिन्यांत इतकं आलं नव्हतं.

मला आणखी काही विचारायचं नाही. तुम्हाला काही सांगायचं असेल तर सांगा.

वहिनी


२५ मार्च

वहिनी,

पाकीट माझ्याकडे आहे.

गेल्या ऑगस्टच्या सव्वीस तारखेला आलं. सही करून मी घेतलं. आकारावरूनच ओळखलं की हे शेवटचं प्रकरण. कित्येक महिने अबोला धरून शेवटी खेळ पुन्हा त्यानंच सुरू केला, म्हणजे हरला तो, असं वाटून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. आता मी फक्त "पोचलं, प्रकरणं पाठव" एवढी एक ओळ लिहायची होती. ती लिहिली नाही. झुरू दे थोडा, म्हटलं. चारचौघांत मी चुकीचं बोललो नव्हतो, हे आधी त्यानं कबूल करावं, मग लिहू. आज लिहू, उद्या लिहू करत पाकीट वजनांच्या पेटीत, पितळी वजनांखाली ठेवलं. रोज पेटी उघडायची, रोज दिसायचं. पाच आठवडे.

मग तुमचा निरोप आला.

त्यानंतर मला ते उघडवेना आणि तुम्हाला सांगवेना. अकरा प्रकरणं वाचल्याशिवाय फोडायचं नाही हा नियम आहे, असं स्वतःला बजावत राहिलो. नियमाचा आडोसा फार सोयीचा असतो. तुम्ही प्रकरणं पाठवलीत तेव्हा तोही गेला. तुम्हाला कपाट ओढायला लावलं मी. पाकीट इथं, आणि तुम्ही तिथं पाल हाकलताय. वय होतं, असं त्याच्याबद्दल लिहिलं. ह्या सगळ्याची मला लाज वाटते, वहिनी. सप्टेंबरात तो जिन्यात कशाची वाट बघत होता हे तुमच्या पत्रात वाचलं, त्या दिवसापासून मला जेवण जात नाही.

सांगाल ते करतो. उद्याच्या गाडीनं येऊन देऊन जातो, दारातूनच. आत बोलवू नका.

भाऊजी


२७ मार्च

भाऊजी,

मला ठाऊक होतं.

त्या पाकिटावरचा पत्ता मी टाईप केला. पोस्टात मी नेऊन टाकलं, रजिस्टर करून, कारण हे म्हणाले, "हे हरवून चालणार नाही." पोचपावती आली ती तुमच्या सहीची. पहिलं पत्र तुम्हाला लिहिलं तेव्हा ती पावती माझ्या टाईपरायटरशेजारी होती. बंद पडलं असावं असं धरून चालते, असं मी लिहिलं ते तुम्ही काय करता ते बघायला. तुम्ही लिहिलंत, काही कल्पना नाही. त्या दिवशी मी तुमचं पत्र फाडणार होते.

सरळ का मागितलं नाही, असं तुमच्या मनात येईल. मागितलं असतं तर तुम्ही पाठवलं असतं, आणि मग आयुष्यभर आपण दोघं हवापाण्याच्या गप्पा मारत राहिलो असतो. मला ते नको होतं. तुमच्या तोंडून यायला हवं होतं. एकतीस तारखेला सकाळी मात्र मी पावती घेऊन तुमच्या दारात उभी राहिले असते. तेवढी साधी मी नाही.

राग आला होता. अजून आहे. मी ह्यांना म्हणायचे, फोन करा ना त्याला. म्हणायचे, "नको, त्याचं पत्र येईल. तो वेळ घेतो, पण नियम मोडत नाही." हे मी तुम्हाला सांगणार नव्हते. पण आता लपवाछपवी पुरे झाली.

एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितलेली सांगते. ह्यांचं हृदय दोन वर्षांपासून थकलेलं होतं आणि तुमचं पत्र आलं असतं तरी ते आठवडाभरही जास्त जगले नसते. तेव्हा त्यांचा जीव तुम्ही घेतला असं मनात घेऊन बसू नका. तसं बसणं सोपं आहे आणि ते मी तुम्हाला करू देणार नाही. एक माणूस वाट बघतोय हे कळत असून तुम्ही गप्प राहिलात. तुमचा गुन्हा तेवढा आहे, आणि तेवढाच तुम्ही कबूल केलात.

पाकीट दारातून देऊन जायचं नाही. आधी तुम्ही फोडायचं. त्यावर पेन्सिलीनं तर्क लिहा, तारीख घाला, आणि फोडा. तो हक्क तुमचा आहे, चाळीस पुस्तकांचा. आत प्रकरणाशिवाय आणखी एक कागद आहे. हे तो कागद लिहीत असताना मी चहा घेऊन गेले तर त्यांनी हातानं झाकला. मी वाचलेला नाही.

माप बघून कळवा. मग या. दोन माणसांचा चहा मी टाकतेच.

वहिनी


२९ मार्च

दादा,

पाकीट पोचलं.

वहिनींना लिहायला बसलो होतो, पण हे उत्तर तुला द्यायचं होतं म्हणून तुलाच लिहितो. पाकिटावर पेन्सिलीनं "शेरे लिहिणारी बाई, गोळीतून, कडी त्याची त्यानंच" असं लिहिलं, तारीख घातली आणि सुरीनं कड कापली. कापताना एक कोपरा फाटला.

तर्क बरोबर निघाला. शेवटच्या दोन पानांत ती बाई कबुली देते तेव्हा पूर ओसरल्यावर आलेला इन्स्पेक्टर तिला आधी चहा पाजतो आणि विचारतो, "कुठला आहे, सांगा." ती वास घेऊन बरोबर ओळखते. तिला असं उघडपणे कुणी पहिल्यांदाच विचारलेलं असतं. तुला गुन्हेगाराची दया येते म्हणायचास, ते इथं दिसतं. तुझ्या चाळीस पुस्तकांत ह्याच्या तोडीचा शेवट नाही, आणि हे मी तोंडावर कधी म्हटलं नसतं.

तुझी चिठ्ठी नंतर वाचली. तीन वेळा वाचली. तू लिहिलंयस, "डावखुऱ्याबद्दल तुझं बरोबर होतं. मी आळस केला. लोकांसमोर बोललास ते लागलं, पण चूक माझी होती. ह्या खेपेला सगळं टेबलावर मांडलंय असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्यावर आता माझा भरवसा नाही. तू बघ. तू बरोबर आहे म्हणेपर्यंत हे पुस्तक मी प्रकाशकाला देणार नाही. उत्तर लवकर दे."

म्हणजे पुस्तक माझ्यासाठीच अडलं होतं. मला वाटलं होतं तू आधी कबूल करावंस, आणि तू कबूल करूनच पाठवलं होतंस. पितळी वजनांखाली.

तू विचारलंस म्हणून काम करतो. मी रात्रभर जागून तपासलं. शिळा चहा दुसऱ्यात आहे, डबी चौथ्यात, बाईचं नाक सहाव्यात, सर्दी झालेल्या दिवशीचे चुकलेले शेरे नवव्यात. सगळं समोर आहे. एकच चूक सापडली. पाचव्यात डॉक्टर मढ्याच्या तोंडाचा वास घेतात आणि म्हणतात, कसलाही वास नाही. पेपरमिंट चघळत माणूस गेला तर वास यायलाच हवा. ते वाक्य बदलायला लागेल. डॉक्टरांना पेपरमिंटचा वास येऊ दे, आणि त्यांना वाटू दे की त्यानं नुकतेच दात घासलेत. वाचकालाही तसंच वाटेल, आणि खूण त्याच्या नाकासमोर राहील. एवढंच. दुसरं काही सापडलं नाही. मी मुद्दाम शोधलं.

उद्या सकाळच्या गाडीनं वहिनींकडे जातोय. बारावं मी वाचून दाखवेन, त्या टाईप करतील. तुझं अक्षर शेवटी शेवटी फार हललंय, पण मला लागतं. परवा आम्ही दोघं जाऊन प्रकाशकांच्या टेबलावर बाराच्या बारा प्रकरणं ठेवू. त्या चौदा पुस्तकांच्या गृहस्थांना बिस्किटं पाठवा, असं वहिनींना सांगणार आहे.

पुस्तक दे छापायला, दादा. माझी हरकत नाही.

तू रोज बारा वाजता जिन्यात उभा राहायचास आणि मला एक ओळ लिहायची होती. ती मी लिहिली नाही. मला माफ कर.

धाकटा